हरायची तालीम

मंगळवार, ३

गुडघा: ठीक. जिना उतरताना कुरकुर, चढताना नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले, तेव्हा ही वही मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईने दिली. गुडघा कधी दुखला, किती दुखला, तेवढंच रोज लिहा म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण तेवढ्या शाळेतही गुडघ्याची चौकशी एका ओळीत संपते आणि पान आख्खं उरतं. कोरा कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. म्हणून उरलेल्या जागेत घरातलं लिहिते. बाईने वही मागितलीच तर हरवली म्हणून सांगेन.

आज जावई कामावरून आला तो दारातच उभा. बूट काढेना.

लेक म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

"मालकांनी पुढच्या रविवारी गोल्फला बोलावलंय. समुद्रावरच्या मैदानात."

लेकीने हातातली बशी इतक्या हळू खाली ठेवली की मला वाटलं खरंच कुणी गेलं.

जावई दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात आहे, विक्रीचं बघतो. (आमच्या घरातलं प्रत्येक दार करकरतं, पण ते बोलून दाखवायचं नाही.) त्याला व्यसन एकच, गोल्फ. दर रविवारी जुन्या बाजारातून घेतलेल्या काठ्या खांद्यावर टाकून गावाबाहेरच्या सार्वजनिक मैदानावर जातो, आणि दुपारी परत येतो तो अंगावरून कुणी इस्त्री फिरवल्यासारखा. समुद्रावरचं मैदान मात्र सभासदांचं. तिथे ह्याच्यासारख्याला फाटकातून डोकावू देत नाहीत. त्या मैदानाचा फोटो त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. इकडे एक खडक, तिकडे एक खडक, मधे समुद्र. इकडून चेंडू मारायचा, तो पाण्यावरून जाऊन पलीकडच्या हिरवळीवर पडायला हवा. शर्ट काढताना रोज बघत उभा राहतो. लेक म्हणते, माझ्याकडेसुद्धा इतका वेळ बघत नाही.

"सासूबाईंनाही आणा म्हणालेत," जावई बुटांकडे बघत म्हणाला.

"मला कशाला?"

तेव्हा कळलं. हा रविवारी तर जातोच, अधूनमधून बुधवारीही जातो. बुधवारच्या त्या सगळ्या रजा माझ्या गुडघ्याच्या नावावर आहेत. त्या कारखान्यात माझ्या गुडघ्याला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात.

बुधवार, ४

गुडघा: ठीक.

जेवणाच्या टेबलावर बैठक. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर "आता दिसतं? आता दिसतं?" करून तीच सवय घरी घेऊन येते.

"तुला दिसत कसं नाही? शाखाप्रमुखाची जागा केव्हाची रिकामी आहे. मालक कुणाला उगाच तिथे नेत नाहीत. ही परीक्षा आहे."

"मग चांगलं खेळतो की."

"वेडा आहेस का? मालकाला हरवून कुणाला खुर्ची मिळालीय?"

"पण मी त्यांच्यापेक्षा बरा खेळतो."

"म्हणूनच हरायचंय! जो वाईट खेळतो त्याच्या हरण्याचं कुणाला कौतुक?"

जावयाने ताटात बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाकी सगळं हरतो. समुद्रावरचा एक फटका तेवढा नीट मारू दे."

"एकही नाही."

"एकच गं."

मी लेकीची बाजू घेतली. म्हटलं, "जावईबापू, एक चेंडू पाण्यात गेला तर तुमचं काय जातंय? समुद्र काय पगार देतो?" लेक हसली. जावई हसला नाही. हात धुऊन खोलीत गेला आणि कपाटाचं दार करकरलं.

शनिवार, ७

गुडघा: ठीक, पण तासभर गाड्यांच्या जागेत उभी राहिल्याने पोटऱ्या दुखल्या. ते ह्या वहीत मोडत नाही.

जावयाला हरता येत नाही. सकाळी खाली, इमारतीच्या गाड्या लावतात तिथे, बादली आडवी ठेवून तिच्यात चेंडू ढकलायची तालीम घेतली. चुकवा म्हटलं तर चेंडू दुसऱ्या मजल्यावरच्या पायपुसण्यापर्यंत लांब मारला. आंधळ्यालाही कळेल की मुद्दाम मारलाय.

मी म्हटलं, "द्या इकडे. हरणं म्हणजे काय ते मला विचारा."

माझे सासरे रोज संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळायचे. हरले की जेवायचे नाहीत, आणि ते जेवले नाहीत की घरात कुणी जेवायचं नाही. म्हणून मी हरायला शिकले, तेही असं की त्यांना मरेपर्यंत संशय आला नाही. जावयाला सगळं सांगितलं. हरायचं ते एकाच डावाने. मधे एक डाव जिंकायचा, नाहीतर समोरच्याला भीक घातल्यासारखं वाटतं. हरताना स्वतःवर चिडायचं, समोरच्याची स्तुती करायची नाही. आणि दोष द्यायला काहीतरी हाताशी ठेवायचं. माझ्याकडे चष्मा होता. "तुमच्याकडे काठी आहे, वारा आहे."

"रोज हरायचात, आई?"

"छे! रोज हरले असते तर त्यांना मजा काय? एरवी बरोबरीत सोडवायचे. हरायचे ते दोनच वेळा. काही मागायचं असेल तेव्हा, माहेरी जायची परवानगी वगैरे. नाहीतर काही केलेलं असेल तेव्हा. त्यांची काचेची सुरई फोडली त्या आठवड्यात मी सलग हरले."

जावई मन लावून ऐकत होता. दुपारपर्यंत चेंडू बादलीच्या कडेला चाटून जायला लागला. प्रत्येक वेळी "च्च" करून काठीकडे रागाने बघायचा. मला अभिमान वाटला, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. रविवारची ती इस्त्री कुठे दिसली नाही. उन्हाने असेल.

मंगळवार, १०

गुडघा: विसरले होते.

आनंदाची बातमी. मालकाने जावयाच्या हाताखाली एक नवी बाई दिलीय. गिऱ्हाइकं कोण, कुणाशी कसं बोलायचं, सगळं तिला शिकवायचं. लेक म्हणाली, "झालं! तू वर जाणार म्हणून तुझ्या जागेवर माणूस तयार करतायत." मीही तेच म्हटलं. मालकाने त्याच्याकडच्या मालाच्या खोलीच्या किल्ल्याही मागून घेतल्या. शाखाप्रमुखाने किल्ल्या कशाला सांभाळायच्या, ते शिपायाचं काम. आणि आज त्याची खुर्चीच नेली. दिवसभर स्टुलावर बसून होता.

"नवी येत असेल, चाकाची," मी म्हटलं.

"पाठ दुखली," जावई म्हणाला. त्याला कशाचं म्हणून कौतुक नाही.

शुक्रवार, १३

गुडघा: बाईने आज वाकवून, फिरवून, ठोकून बघितला. पूर्ण बरा, पुन्हा यायची गरज नाही म्हणाली. वही मागितलीच नाही. म्हणजे इतके दिवस मी कुणासाठी लिहितेय?

गुडघा बरा झाल्याचं घरात सांगितलं तर जावयाचा चेहरा पडला. "आई, रविवारपर्यंत लंगडाल ना?"

लंगडते म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची काठी आणली. घरात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. तो म्हणाला, "डावा, आई. ऑफिसात डावा सांगितलाय."

"ऑपरेशन उजव्याचं झालं होतं!"

"घाईत होतो."

संध्याकाळभर डाव्याने लंगडले. माणूस स्वतःच्या खोट्यावर लंगडतो इथवर ठीक, मी जावयाच्या खोट्यावर लंगडतेय.

आता गुडघाच बरा झाला तर मी इथे राहून काय करू? तेवीस तारखेचं, सोमवारचं तिकीट काढून घेतलं. माझं दोन खोल्यांचं घर आहे, आपलं ते आपलं. शेजारणीला कळवायला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय?

शनिवार, १४

काही नाही. लेकीने जावयाचा शर्ट दोनदा इस्त्री केला. जावयाने कपाट उघडलंच नाही.

रविवार, १५

गुडघा: त्याचं पुढे येईल.

समुद्र आहे हे खरं. पण त्याच्या काठाने कुणीतरी गालिचा अंथरून ठेवलाय. एवढं गवत आणि खायला एक गाय नाही. जावई गाडीतून उतरला आणि गवताला हात लावून बघितला. लेक दुकानात होती ते बरं. असलं बघून तिने कपाळावर हात मारला असता.

मालक पन्नाशीचा आहे. हात धुतल्यासारखे चोळत बोलतो. कारखाना वडिलांनी उभा केला, ह्याला आयता मिळाला. मला बघून म्हणाला, "तुमच्या गुडघ्याबद्दल फार ऐकलंय."

म्हटलं, "तोही तुम्हाला भेटायला उत्सुक होता."

तिथे छोट्या उघड्या गाड्या असतात, दोन माणसांच्या. एकीत मालक आणि मी बसलो. जावई काठ्यांचं ओझं घेऊन पायी चालला.

खेळ सुरू झाला. जावयाने पहिला चेंडू झुडपात घातला, सुंदर चुकवला, काठीकडे बघून "च्च" केलं. मी गाडीत बसल्या बसल्या मनात टाळी वाजवली. मग मालकाने मारला. तोही झुडपात. पुढच्या झेंड्यापाशी जावयाने वीतभर अंतरावरून भोक चुकवलं. मालकाने त्याहून कमी अंतरावरून चुकवलं. मग वाळूचा खड्डा आला. दोघंही त्यात उतरले आणि असे काही उकरत बसले की वाटलं खाली पाणी लागतंय का बघतायत. दारात दोन पाहुणे भेटावेत आणि आधी तुम्ही, आधी तुम्ही करत दोघंही बाहेरच राहावेत, तसा तो खेळ चालला होता.

मला वाटलं, मालक असाच खेळत असेल. श्रीमंतांना कोण सांगणार?

गाडीत तो गप्पा मारत होता. लेकीची नोकरी पक्की आहे ना? आहे म्हटलं. बरं झालं, म्हणाला, आणि सुस्कारा सोडला. जावयाला आणखी काही येतं का? म्हटलं, ह्या काठ्या येतात. "वा," म्हणाला, "शिकवायला हवं त्यांनी. लोक शिकतात हल्ली." केवढी काळजी! असा मालक मिळायला भाग्य लागतं, हे मी त्याला सांगणारही होते.

एवढ्यात मालकाने एक डाव जिंकला. जिंकून उगाच हसला. मग पुढचा हरला, स्वतःच्या काठीला दोन शब्द सुनावले आणि हात वर करून म्हणाला, "आज वारा फार आहे."

माझ्या बाजूचं गवत हलत नव्हतं.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. मधे एक जिंकला. काठीवर चिडला. वाऱ्याला नावं ठेवली. हे सगळं माझं होतं. ही माझी विद्या ह्याला कुणी शिकवली?

तेवढ्यात तो खडक आला. कपाटातला. खाली पाणी आपटत होतं, पलीकडे तळहाताएवढी हिरवळ आणि तिच्यात झेंडा. मालक फोनवर बोलायला बाजूला गेला. मी काठी टेकत, डाव्याने लंगडत, जावयाजवळ गेले.

"जावईबापू, हा मुद्दाम हरतोय."

"कोण?"

"तुमचा मालक. मी समोर बसून बघतेय."

"ते कशाला हरतील?"

"मी सासऱ्यांशी कधी हरायचे?"

त्याला पाठ होतं. "मागायचं असेल तेव्हा. नाहीतर काही केलेलं असेल तेव्हा."

"मालकाला तुमच्याकडे काय मागायचंय?"

मालकाने मागावं असं ह्याच्याकडे काही असतं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहिलो असतो का?

"नवी बाई," तो हळूच म्हणाला.

"किल्ल्या," मी म्हटलं. मग दोघंही एकदम म्हणालो, "खुर्ची."

सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही घरात त्याची मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. मालक फोन खिशात घालत आमच्याकडे यायला लागला.

"मग आता काय करू, आई?"

"आता काय? मार. नीट मार रे, हरायला कुणी उरलं नाही."

त्याने चेंडू ठेवला. कपाटासमोर उभा राहतो तसा उभा राहिला. मारला, आणि तो सरळ पाण्यात. हरायचं शिकवून शिकवून मी त्याचा हात बिघडवून ठेवला होता. दुसरा मारला, पाण्यात. तिसरा खडकावर आपटला, तिथून पाण्यात. बरोबर आणलेले संपले.

जावई वळला आणि मालकापुढे हात पसरला. "चेंडू द्या."

इतक्या वर्षांत त्याने त्या माणसाकडे काही मागितलं असेल तर ते पहिल्यांदा. मालकाने पिशवीतून काढून दिला. कोराकरकरीत, नावाची अक्षरं छापलेला. तो गेला पाण्यात. "आणखी." मालकाने आणखी एक दिला. मालक असा घाईघाईने देत होता की मला शंका राहिली नाही.

तो चेंडू उडाला तेव्हा आवाज वेगळा आला. नवं दार लागतं तसा, कट्, आणि संपलं. पाण्यावरून गेला, वर थोडा थांबल्यासारखा वाटला, आणि पलीकडे गवतावर पडून दोन उड्या मारून गप्प बसला. जावई काठी खांद्यावर तशीच धरून उभा. त्याच्या लेखी तिथे आम्ही कुणी नव्हतोच.

मी त्याची पिशवी उचलली आणि चालायला लागले. बरीच पुढे गेल्यावर मागून मालक म्हणाला, "तुमचा गुडघा..."

मी थांबले. काठी गाडीतच राहिली होती, आणि मी दोन्ही पायांवर एखाद्या पोलिसासारखी चालले होते.

"ठीक आहे तो," मी म्हटलं. "आता तुमचं काय ते सांगून टाका."

त्याने हात चोळले. एक तारखेपासून जावयाच्या जागी विक्रीचं सगळं ती नवी बाई बघणार, जावयाला नोकरी नाही. शाखाप्रमुखाची रिकामी जागा भरायचीच नाही, ती शाखाच बंद होतेय. आधी एक चांगला दिवस द्यावा, जिंकल्याच्या आनंदात असताना सांगावं, असं त्याने ठरवलं होतं.

जावई काठीचं टोक पुसायला लागला. मी म्हटलं आता रडतो की काय. तर म्हणाला, "अजून अर्धं मैदान बाकी आहे. खेळायचं ना?"

खेळले. मालकाला आता हरायला काही करावं लागलं नाही.

मंगळवार, १७

गुडघा: ठणठणीत.

लेकीला रविवारीच सगळं सांगितलं. काल दिवसभर माझ्याशी, त्याच्याशी, भांड्यांशी भांडली. "मला कसं दिसलं नाही," हे तिने इतक्या वेळा म्हटलं की मी म्हटलं, दुकानातला एखादा चष्मा घाल. त्यावर माझ्याशी बोलणंच बंद.

आज सकाळी चहा ओतताना त्याच्याकडे न बघता विचारलं, "पलीकडे गेला का पण?"

"पाचवा गेला."

"मग ठीक," म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

महिना संपेपर्यंत ऑफिसात स्टुलावर बसायला तो तयार नाही. रजेचा अर्ज लिहून टाकला. कारण: सासूबाईंचा गुडघा.

शनिवार, २१

गुडघा: कोण विचारतंय?

जावई घरी असल्यामुळे दारांना तेल घातलं गेलं. आता कोण आलं, कोण गेलं कळत नाही, एकदम समोर उभे राहतात. सार्वजनिक मैदानावर नवशिक्यांना शिकवायचं विचारून आला. बघू म्हणालेत. लोकांना जिंकायला शिकवाल ना, मी विचारलं. त्याचा हात अजून पुरता सुधारलेला नाही.

माझी बॅग भरून झाली. दुपारी लेक दुकानात होती. जावयाने पत्ते काढले.

पहिला डाव मी जिंकले. दुसरा तो. तिसरा मी. चौथ्यात हातात चांगली पानं असून भलतंच टाकलं आणि "च्च" केलं, आणि चष्म्याला नावं ठेवली. त्याला चष्मा नाही.

मी पत्ते खाली ठेवले. "मागायचंय की केलंय?"

"केलंय," तो म्हणाला.

"काय फोडलंत?"

"सोमवारचं तुमचं तिकीट रद्द केलंय."

मी त्याला चांगलं झापलं. न विचारता केलं म्हणून, माझं घर आहे म्हणून, मी काय कुणाच्या रजेचं कारण म्हणून इथे राहू का म्हणून. तो मान खाली घालून पत्ते पिसत होता. सगळं ऐकून घेतलं आणि पानं वाटली.

संध्याकाळी खेळ संपला तेव्हा मी हरले होते. एकाच डावाने.